शिन झुईची पाठवणी

१९७१ साल सरत आले होते. चीनच्या हूनान प्रांतात, चांगशा शहराच्या पूर्वेला खोगिरासारखी जोडलेली दोन टेकाडे आहेत. लोक त्यांना मावांगदुई म्हणत. दहाव्या शतकात या मुलखावर राज्य करणाऱ्या मा राजाची ही समाधी, अशी पंचक्रोशीतली समजूत होती. लष्कराच्या एका रुग्णालयाने या टेकाडांच्या पोटात भुयारे खणायला घेतली होती. युद्ध पेटले तर रुग्णांना हलवायला जागा हवी होती. पण मातीची कड पुन्हा पुन्हा ढासळू लागली. आत काय आहे हे पाहायला लांब सळईने भोक पाडले, तर त्यातून फुसफुसत वायू बाहेर आला आणि काडी लागताच निळी ज्योत उभी राहिली.

चांगशाच्या जुन्या थडगेचोरांना ही ज्योत चांगली माहीत होती. ज्या थडग्यातून ती निघे त्याला ते आगीचे थडगे म्हणत. तिचा अर्थ सरळ होता. थडगे इतके घट्ट बंद आहे की आतला प्राणवायू कधीच संपला आहे, बाहेरची हवा शिरलेली नाही आणि सुरुवातीला जे कुजले त्याचा वायू अजून आतच कोंडलेला आहे. ही टेकाडे मा राजाच्या कितीतरी आधीची, हान राजघराण्याच्या काळातली आहेत, हे पुरातत्त्वज्ञ शिया नाइ यांच्या पथकाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ओळखून ठेवले होते. पण त्यांना हात लावायची वेळ आली ती भुयारांमुळे. जानेवारी १९७२ मध्ये रीतसर उत्खनन सुरू झाले. सांस्कृतिक क्रांतीचा तो काळ. 'जुने ते मोडा' म्हणत देवळे आणि पूर्वजांच्या समाध्या फोडणारी तरुण पोरे चार-पाच वर्षांपूर्वीच रस्त्यांवर होती. त्याच देशात आता शाळेतली मुले मदतीला येऊन, पाट्या वाहून, एका सरदारणीच्या थडग्यावरची माती उपसत होती.

थडगी एकूण तीन निघाली. एकात ली त्सांग, चांगशा राज्याचा प्रधान. सम्राटाने त्याला इ.स.पूर्व १९३ मध्ये दाय या ठिकाणची सरदारकी आणि सातशे घरांचा महसूल दिला होता. इ.स.पूर्व १८६ मध्ये तो वारला. दुसऱ्यात त्याचा तिशीतला मुलगा, ज्याचे दफन इ.स.पूर्व १६८ मधले. आणि तिसऱ्यात, म्हणजे सर्वांत आधी उघडलेल्या 'क्रमांक एक'च्या थडग्यात, ली त्सांगची बायको शिन झुई. तिच्या थडग्याचा खड्डा नवऱ्याच्या आणि मुलाच्या थडग्यांना कापून गेला आहे, म्हणून ती सर्वांच्या मागाहून गेली हे निश्चित. नवरा आणि मुलगा दोघांनाही तिने आधी मातीआड केले होते.

खड्डा सोळा मीटर खोल, वरून पायऱ्या-पायऱ्यांनी अरुंद होत गेलेला. तळाशी लाकडी ओंडक्यांचे एक घरच उभे केले होते, साधारण पावणेसात मीटर लांब, पाच मीटर रुंद, पावणेतीन मीटर उंच. खिळा एकही नाही, सगळी सांधेजोड. या लाकडी घराभोवती चहूबाजूंनी, खाली आणि वरही, कोळशाचा वीतभराहून जाड थर घातला होता. कोळसा एकूण सुमारे पाच टन भरला. त्याच्याबाहेर मीटरभराहून जाड असा पांढऱ्या चिकणमातीचा थर, लोण्यासारख्या मऊ मातीचा. हवा नाही, पाझर नाही, किडा-मुंगी नाही. दोन हजार वर्षांहून अधिक काळ जे टिकले त्यामागे मंत्र नव्हता, ही माती होती आणि ती तितक्या निगुतीने ठोकून बसवणारे हात होते. नवऱ्याच्या थडग्यात हाच थर असमान पडला, चोरांचाही शिरकाव झाला. तिथे देह राहिला नाही. राहिले मुख्यतः तीन शिक्के, एकावर त्याचे नाव, दुसऱ्यावर दायची सरदारकी आणि तिसऱ्यावर चांगशाचे प्रधानपद. त्या शिक्क्यांमुळेच ही माणसे कोण होती हे नक्की झाले.

लाकडी घराच्या मधोमध एकात एक बसवलेल्या चार शवपेट्या होत्या. सर्वांत बाहेरची नुसती काळी, लॅकर म्हणजे तिकडच्या एका झाडाच्या चिकाचे रोगण दिलेली. दुसरीही काळी, पण तिच्यावर ढगांचे वेटोळे उसळलेले आणि त्या ढगांतून शिंगे असलेले, लांबोडक्या तोंडांचे शंभरावर जीव धावताहेत. कोणी साप गिळतो आहे, कोणी तंतुवाद्य वाजवतो आहे, कोणी धनुष्य ताणतो आहे. या पेटीच्या डोक्याकडच्या फळीवर, अगदी खालच्या काठाला, एक छोटी बाई दिसते. वाकलेल्या पाठीची, अर्धीच रंगवलेली, जणू चौकटीच्या खालून नुकतीच वर येते आहे. कलेतिहासकार वू हुंग यांच्या मते ही शिन झुईच आहे, मृत्यूच्या अंधाऱ्या प्रदेशात पाऊल टाकणारी, आणि ते सगळे विचित्र जीव तिचे राखणदार. तिसरी पेटी उघडली की रंग पालटतो. ती लालभडक आहे. तिच्यावर ड्रॅगन, हरणे आणि तीन शिखरांचा पर्वत आहे. हा पर्वत बहुधा कुनलुन, अमरांचे ठिकाण. आणि चौथ्या, सर्वांत आतल्या पेटीवर पक्ष्यांची पिसे आणि रेशीम चिकटवलेले. काळ्यातून लालाकडे आणि लालातून पंखांकडे. यातली एकही पेटी एकदा मिटल्यावर कोणाला दिसणार नव्हती. चित्रे काढणाऱ्यालाही हे ठाऊक होते, तरी त्याने एका शेपटीच्या वळणातही हयगय केलेली नाही. हे मला त्या सगळ्या वैभवापेक्षा मोठे वाटते.

आत वीस थरांत गुंडाळलेली, नऊ रेशमी फितींनी बांधलेली शिन झुई होती. ही कपडे-चादरींची गुंडाळी सोडवली तेव्हा दिसले की कातडी मऊ आहे, दाबली तर पुन्हा वर येते. सांधे वळतात, डोक्यावर केस आहेत. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ३४.३ किलो. डिसेंबर १९७२ मध्ये हूनान वैद्यकीय महाविद्यालयाच्या पंग लुंगश्यांग यांच्या नेतृत्वाखाली शवविच्छेदन झाले. वय पन्नाशीच्या आसपास. हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक होऊन चोंदलेल्या, पित्ताशयात खडे, पोटात जंत, कण्याची एक चकती बिघडलेली. अन्ननलिकेपासून आतड्यापर्यंत खरबुजाच्या १३८ बिया सापडल्या. म्हणजे खरबूज खाल्ल्यावर काही तासांतच तिने प्राण सोडला. पित्ताचा खडा अडकून असह्य कळ उठली आणि आधीच दुबळे झालेले हृदय थांबले, असा डॉक्टरांचा निष्कर्ष. खरबुजाच्या दिवसांवरून मृत्यूचा मोसमही कळतो, उन्हाळ्याचा.

आता त्या रेशमी पताकेकडे येऊ. चीनच्या मृत्यूविषयक कलेत एखादीच वस्तू निवडायची झाली तर मी हीच निवडीन. ती आतल्या पेटीच्या झाकणावर, चित्राचा भाग खाली करून पसरलेली होती. आकार हात पसरलेल्या सदऱ्यासारखा. लांबी दोन मीटरहून थोडी जास्त, वरची रुंदी ९२ सेंटिमीटर, खाली निमुळती होत ४८च्या आसपास. वर बांबूची काठी, तिला अडकवायला दोरी, चारही टोकांना गोंडे. म्हणजे ही आधी कोणीतरी उंच धरून मिरवली असणार आणि मग खड्ड्यात उतरवली.

खालून वर पाहत जावे. सर्वांत खाली दोन प्रचंड मासे एकमेकांत अडकलेले, त्यांच्यावर उभा एक ठेंगणा, उघडाबंब पुरुष दोन्ही हातांनी जमिनीची पाटी डोक्यावर तोलून धरतो आहे. त्या पाटीवर मोठमोठ्या तिवया आणि घागरी मांडल्या आहेत. दोन्ही बाजूंना माणसे ओळीने बसली आहेत आणि मधे कापडात गुंडाळलेले काहीतरी आडवे ठेवले आहे. ते शिन झुईचेच शव असावे, हे लोक तिला शेवटचा नैवेद्य दाखवताहेत. त्यावर जेड दगडाचे गोल चक्र आणि त्याच्या भोकातून एकमेकांना वेढणारे दोन ड्रॅगन. त्यांच्या अंगांवरून चढत गेले की एक सपाट चौथरा लागतो आणि तिथे ती उभी आहे. कडेने दिसणारा चेहरा, पाठ किंचित वाकलेली, हातात काठी. मागे तीन दासी, पुढे गुडघे टेकून तबके धरलेले दोन पुरुष. चित्रकाराने तिला तरुण, सुंदर, ताठ केलेले नाही. कण्याची ती बिघडलेली चकती शवविच्छेदनात सापडायच्या दोन हजार वर्षे आधी त्याने तिचे वाकलेपण रेशमावर नोंदवून ठेवले होते. नाव माहीत असलेल्या चिनी माणसाच्या सर्वांत जुन्या व्यक्तिचित्रांत याची गणना होते.

तिच्या डोक्यावर आकाश सुरू होते. समोरासमोर बसलेले दोन द्वारपाल, त्यांच्या दोन्ही बाजूंना चित्ते. उजव्या कोपऱ्यात लाल सूर्य आणि त्यात काळा कावळा. खाली झाडाच्या फांद्यांत अडकलेले आणखी आठ छोटे सूर्य. चिनी पुराणकथेत सूर्य दहा आहेत, इथे नऊच का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. डाव्या कोपऱ्यात चंद्रकोर, तिच्यावर बेडूक आणि ससा, आणि कोरीकडे झेपावणारी एक स्त्री. ती चंद्रावर पळून गेलेली छांग-अ देवी, की स्वतः शिन झुई? दोन्ही मते आहेत. आणि सूर्य-चंद्रांच्या मधोमध, सर्वांत वर, सापाच्या शेपटीवर बसलेली एक मानवी आकृती. तिला कोणी आदिमाता न्यूवा मानते, कोणी आणखी कोणी. थडग्यात तिचे नाव कुठे लिहिलेले नाही.

या पताकेचे काम काय, यावर गेल्या पन्नास वर्षांत जोरात वाद झाला. प्राचीन चिनी ग्रंथांत आत्म्याचे दोन अंश सांगितले आहेत. हुन हा हलका, मेल्यावर वर जाणारा. पो हा जड, देहाबरोबर मातीत उतरणारा. माणूस गेला की एक विधी करत. त्याचे वस्त्र घेऊन कोणीतरी छपरावर चढे, उत्तरेकडे तोंड करून तीनदा नाव घेई आणि आत्म्याला परत बोलवी. तो परतला नाही तरच मृत्यू खरा. इतिहासकार यू यिंग-शिह यांनी पताकेचे चित्र या विधीशी जोडले. थडग्यातल्या यादीतही पताकेची नोंद एक प्रकारचे वस्त्र म्हणूनच आहे. अभ्यासक मायकल लोवी यांनी १९७९ मध्ये तिला वर जाणाऱ्या आत्म्याच्या प्रवासाचा नकाशा म्हटले. वू हुंग यांनी १९९२ मध्ये वेगळा मुद्दा मांडला. ही पताका संग्रहालयाच्या भिंतीवर टांगून एकटी वाचू नका, म्हणाले, ती ज्या थडग्याचा भाग आहे त्या सगळ्यासकट वाचा. कारण आत्मा आकाशात गेला असेल, तर मग खाली एवढे घर कोणासाठी मांडले?

घर मांडलेच होते. लाकडी कोठीच्या मधल्या भागात शवपेट्या आणि चारही बाजूंना चार दालने. पूर्व, दक्षिण आणि पश्चिमेची दालने सामानाने ठासून भरलेली. उत्तरेचे, डोक्याकडचे, मात्र मोकळे. त्याच्या भिंतींना रेशमी पडदे, खाली बांबूची चटई. एक छोटा चित्रित पडदा-आडोसा उभा केलेला, त्यापुढे बसायची जागा आणि जेवणाचा पाट. पाटावर ताटल्या, पेले, मांसाच्या काड्या. बाजूला रेशमी चपला, काठी, प्रसाधनाचे डबे. डब्यांत फण्या, आरसा, केसांचे गंगावण. समोरच्या टोकाला नाचणाऱ्या, गाणाऱ्या आणि वाद्ये धरलेल्या लाकडी बाहुल्या. आणि बसायच्या जागेवर कोणी नाही. शिन झुईचा देह पलीकडे, चार पेट्यांच्या आत आहे, पण तिची बैठक इथे आहे. देह तिथेच राहील आणि ती इथे येऊन बसेल, जेवेल, गाणे ऐकेल, हे गृहीत धरून ही खोली सजवली होती.

या बाहुल्यांना मोठा इतिहास आहे. थडग्यात त्या एकूण १६२ होत्या, दासी, गायिका, सेवक. त्यांच्या जागी एके काळी जिवंत माणसे जात. इ.स.पूर्व १२००च्या सुमारास आन्यांग येथे पुरलेल्या राणी फू हाओच्या थडग्यात १६ माणसे बळी दिलेली सापडली. इ.स.पूर्व ४३३च्या सुमारास पुरलेल्या झंग राज्याच्या सरदाराबरोबर २१ तरुण स्त्रिया पुरल्या होत्या, आणि एक कुत्राही. याच सरदाराच्या शवपेटीवर दारे-खिडक्या रंगवल्या आहेत आणि दालनांच्या भिंतींना तळाशी छोटी चौकोनी भोके ठेवली आहेत, आत्म्याला ये-जा करता यावी म्हणून. त्याच्या घराची कल्पना शिन झुईच्या घरापेक्षा फार वेगळी नाही, वेगळे आहे ते सोबतीला कोण पाठवले ते. थडग्यात ठेवायच्या बाहुल्या ज्याने पहिल्यांदा घडवल्या त्याला कन्फ्यूशियसने शाप दिल्याची गोष्ट मेंग्झ या तत्त्वज्ञाच्या ग्रंथात येते, कारण त्या माणसासारख्या दिसत. एवढ्या थोर माणसाचा राग समजतो. तरीही शिन झुईच्या लाकडी दासी पाहताना, यांच्या जागी कोणाच्या लेकी नाहीत याबद्दल सुटकाच वाटते.

सामानाची यादी ३१२ बांबूपट्ट्यांवर लिहिलेली आहे. लेकीची पाठवणी करताना रुखवतातली एकेक वस्तू मोजून लिहावी तशी. तांदूळ, गहू, राळे, डाळी. हरीण, डुक्कर, गाय, कुत्रा, ससा, क्रौंच, मासे, अंडी. पेअर, बोरे, आलुबुखार. आले, दालचिनी, तिरफळाच्या जातीची मिरी. लॅकरच्या भांड्यांवर आतल्या बाजूला जेवायचा, मद्य घ्यायचा आग्रह करणारी अक्षरे. एका भांड्याचे झाकण उघडले तर पाण्यात कमळकंदाच्या चकत्या तरंगत होत्या, भोके-भोके स्पष्ट दिसत होती. भांडे हलवल्याबरोबर त्या विरघळून गेल्या आणि उरले ते काढलेले छायाचित्र. आणि तो झिरझिरीत अंगरखा. लांबी १२८ सेंटिमीटर, लांब बाह्यांचा, आणि वजन फक्त ४९ ग्रॅम. पुढे त्याची प्रतिकृती विणायला घेतली तेव्हा ती जड भरत राहिली, कारण आजचे रेशीमकिडे तेव्हापेक्षा मोठे आहेत आणि त्यांचा धागाही जाड. पैसे मात्र खरे दिले नव्हते. चाळीस करंड्या भरून मातीची नाणी होती. तिकडे मातीचीच नाणी चालतात, असा हिशेब असावा. आज छिंगमिंग या पूर्वजांच्या सणाला त्यांच्यासाठी कागदी नोटा जाळतात, त्या प्रथेची जुनी मुळे इथे दिसतात.

खाद्याच्या बांबूपेट्यांवर मातीचे शिक्के मारलेले आहेत, दायच्या सरदाराच्या घरच्या कारभाऱ्याचे. हा कारभारी मुलाच्या थडग्यात आणखी स्पष्ट भेटतो. तिथे एक लाकडी पाटी सापडली. तिच्यावर सम्राट वेनच्या राजवटीचे बारावे वर्ष, म्हणजे इ.स.पूर्व १६८, महिना आणि दिवस लिहिला आहे. घरचा कारभारी, नाव फन, पाताळात दफनांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला कळवतो की सोबत पाठवलेल्या सामानाची यादी जोडली आहे, पत्र पोहोचताच ते नोंदवून वरिष्ठांपुढे ठेवावे. हे वाचताना अंगावर काटा येतो. शोक नाही, प्रार्थना नाही. एक जबाबदार माणूस दुसऱ्या कचेरीतल्या जबाबदार माणसाला रीतसर कागद पाठवतो आहे, म्हणजे धन्याच्या मुलाला तिकडे दारात अडवू नये. हे एकट्या फनचे वेड नव्हते. पुढच्याच वर्षी, इ.स.पूर्व १६७ मध्ये, च्यांगलिंग येथे पुरलेल्या एका माणसाबरोबरही तिथल्या अधिकाऱ्याने भूमिगत अधिकाऱ्याच्या नावाने असेच पत्र दिले आहे. १९७५ मध्ये ते थडगे उघडले तेव्हा तिथेही देह न कुजलेला निघाला.

मुलाच्या थडग्यात रेशमावर लिहिलेली ग्रंथसंपदा होती, लाखाहून अधिक अक्षरांची. तत्त्वज्ञ लाओझच्या ग्रंथाच्या दोन प्रती, यिजिंग हा शकुन पाहायचा ग्रंथ, धूमकेतूंची चित्रे, सरहद्दीचे नकाशे, औषधोपचार आणि व्यायामाच्या ४४ आकृत्यांचा तक्ता. शरीर ताणणारी, वाकणारी, श्वास ओढणारी ती माणसे दीर्घायुष्यासाठी व्यायाम करताहेत. मेलेल्या माणसाच्या सोबतीला तो तक्ता ठेवला होता.

आत्मा वर जातो, घरात राहतो, देह टिकवावा लागतो आणि पाताळातल्या कचेरीत कागद दाखवावे लागतात, या चार गोष्टी एकत्र कशा बसतात, हा प्रश्न अभ्यासकांचा आहे. शिन झुईच्या माणसांना तो पडलेला दिसत नाही. त्यांनी चारही सोयी केल्या. मला यात गोंधळ दिसत नाही, काळजी दिसते. आईचे तिकडे नेमके कसे होईल हे कळत नसेल तर सगळीच तयारी करून द्यायची, एकही वाट उघडी सोडायची नाही. सिद्धांत ठरवून मग थडगे बांधले असते तर त्यात इतके काही मावले नसते.

देह राखायचा याहून महाग प्रयत्न राजघराण्यांनी केला. १९६८ मध्ये हबेई प्रांतात मानचंग येथे राजपुत्र ल्यू शंग याचे थडगे सापडले. तो इ.स.पूर्व ११३ मध्ये वारला. त्याला जेडच्या २,४९८ तुकड्यांचा पोशाख चढवला होता, किलोभराहून जास्त सोन्याच्या तारेने शिवलेला. जेड देह कुजू देत नाही, अशी श्रद्धा होती. पोशाख जसाच्या तसा निघाला, आतल्या माणसाची माती झाली होती. बायको दोउ वान हिचीही तीच गत.

उलट मताचा माणूसही त्याच काळात होता, आणि तो सम्राटच होता. वेन इ.स.पूर्व १५७ मध्ये वारला. मरताना त्याने सांगितले की जन्मलेला प्रत्येक जण मरणारच, लोक मरणाला इतके घाबरतात की दफनाच्या खर्चात घरे बुडवतात. माझ्या समाधीत सोने, चांदी, तांबे नको, मातीची भांडी ठेवा, वर टेकाड उभारू नका आणि प्रजेला फार दिवस सुतक पाळायला लावू नका. त्याची समाधी शियानजवळच्या एका डोंगरात आहे, असे शतकानुशतके मानले जात होते. २०२१ मध्ये ती जवळच्याच च्यांगत्सुन गावात असल्याचे जाहीर झाले. वर टेकाड नव्हते, शब्द पाळला गेला होता. पण मुख्य समाधीभोवती शंभराहून अधिक खड्डे निघाले. त्यांत कपडे चढवलेले मातीचे सेवक आणि सैनिक होते, आणि छोट्या आकाराचे शासकीय शिक्के, वेगवेगळ्या खात्यांचे.